राजेश्रीचा होकार

सोनपेठच्या बाजारात कुणालाबी इचारा, राजेश्री म्हणलं की एकच सांगतेत. बिचारी, नवरा दोरानं बांधून छळायचा, भावानं सोडवून आणलं. बाया तर पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी आणून सांगतेत. साफ खोटं हाय ते. मी शीला, गंगाखेडला ब्लाउज शिवते. राजेश्रीच्या घराला माझी भिंत लागून होती, आणि ह्यातलं खरं मला जेवढं मालूम हाय तेवढं त्या गावात कुणालाच न्हाई. मी सांगायला उठले तर मला म्हणले, तुमी बाहेरच्या, गप बसा. काहून गप बसू? देवानं तोंड काय जेवायलाच दिलंय का?

राजेश्री सोनपेठकडची. गावाचं नाव घेत न्हाई, आधीच लय शोभा झालीय. घर खाऊनपिऊन सुखी, जमीन बरी, माणसं नाकासमोर चालणारी. तिला बघायला आले तेव्हा होकार बापानं दिला, तारीख भावानं धरली, शालू आईनं घेतला. तिला कुणी काही इचारलं असंल तर एवढंच, की पोहे झाले का. तिनं हे मला हसत सांगितलं होतं. तिचं हसणं तसलंच होतं, आपल्यावर बेतलेलं बी हसून सांगायची.

नशिबानं नवरा चांगला निघाला. परमेश्वर म्हणजे मोटारी भरणारा. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी त्याच्या दुकानात आणून टाकायचे आणि हा दिवसभर मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळत बसायचा. दारूला शिवत न्हाई, बायकोला अगं बी कधी मोठ्यानं म्हणला न्हाई. लेकरू झालं न्हाई म्हणून दोन्हीकडचे टोमणे मारायचे, तेबी दोघं मिळून झेलायचे. मला वाटायचं, ह्यांच्या संसाराला दृष्ट लागू नये.

एका दुपारी राजेश्री ब्लाउजचं माप द्यायला आली. मी म्हणले हात वर कर, तर तिचं उजवं मनगट खालीच लोंबलेलं. बोटं उचलंनात. दंडावरची बाही सरकवली तर कोपराच्या वर काळानिळा पट्टा उठलेला, दोराचा पीळ बी दिसायला होता. माझं डोकंच फिरलं. कात्री हातातच होती, ती तशीच घेऊन मी परमेश्वरच्या दुकानात शिरले. "भाड्या, देवाचं नाव लावून फिरतोस अन् बायकोला दोरानं बांधून मारतोस?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती ती चपला तिथंच टाकून पळाली. परमेश्वर तार हातात धरून नुसता बघायला. मागून राजेश्री पळत आली, धापा टाकत म्हणली, "ताई, थांबा, मारलं न्हाई त्यांनी. मी सांगितलं होतं. मीच."

मग माझ्या घरात दार लोटून बसलो आमी दोघी. मी चहा ठेवला. चहा पिता पिता तिनं सांगितलं. मोबाईलवर तिनं कधीतरी बघितलं होतं, दोघं राजीखुशीनं दोरानं बांधतेत, एक बांधतो, एक बांधून घेतो, मारझोड काही न्हाई. ते तिच्या मनातून जाईना. नवऱ्याला सांगायला तिला वरीस लागलं. तो आधी म्हणला, "ढोराला बांधतेत गं, बायकोला कोण बांधतं?" त्याला पटवायला अजून किती दिवस गेले, ते तिलाच मालूम.

"पण मिळतं काय तुला त्यातनं?" मी इचारलं. मला तर कुणी बांधलं तर मी कडकडून चावा घेईन.

ती म्हणली, "ताई, दिवसभर सगळ्यांचं करा, सगळ्यांचं ऐका. हात बांधले की काहीच करायचं नसतं. डोकं एकदम शांत होतं. आणि ते इचारतेत ताई, घडीघडी इचारतेत. बोटं हलव, मुंग्या आल्या का, सोडू का. आधी ठरवायचं काय करायचं आणि काय न्हाई. मी बस म्हणले की सोडायचं, त्यावर बोलायचं न्हाई, रुसायचं न्हाई. उभ्या जिंदगीत मला कुणी एवढं इचारलं न्हाई."

मला पुरतं उमजलं न्हाई, आजबी उमजत न्हाई. पण दोघं जाणते, नवराबायको, दार बंद. कुणाच्या बापाचं काय जातं? तिच्या तोंडावर तेव्हा जी कळा होती ती खोटं बोलणाऱ्या बाईची नव्हती.

हात मात्र त्यांच्याच अडाणीपणानं गेला होता. घरात होतं ते नायलॉनचं दावं घेतलं, आणि गाठ मारली ती परमेश्वरला लहानपणापासून येत होती ती, बैलाची. ती गाठ कशासाठी असते? ढोरानं ओढलं की अजून आवळावी म्हणून. राजेश्री जरा वळली, गाठ आवळली, दंडातली शीर दबली. कापायला कात्री जवळ न्हाई, ती सैपाकघरात. तो कात्री आणायला पळाला तेवढ्यात हात बधिर झाला. किती दिवस तिला भाकरी थापता आली न्हाई. दवाखान्यात डॉक्टरला सांगितलं, झोपेत हात अंगाखाली दबला. ते म्हणले, होतं असं कधी कधी, हळूहळू येईल. आला बी हळूहळू. पण तोवर परमेश्वर रोज सकाळी तिच्या हाताला तेल चोळायचा आणि रडायचा. दावं त्यानं उकिरड्यात फेकून दिलं. म्हणला, बास झालं.

राजेश्री म्हणली, बास कशाला, शिकून करू. आपल्याला येत न्हाई म्हणजे जगात कुणालाच येत न्हाई का?

तर मग तिनं मोबाईलवर माणसं हुडकायला सुरुवात केली. पुण्याकडची सापडली, हैदराबादची सापडली. ती लोकं इंग्रजीत बोलायची, आणि पुण्याला जाऊन यायचं म्हणजे सासूला काय सांगायचं? हुडकता हुडकता परभणीचीच एक बाई निघाली. अर्पिता नाव. हाडं-नसांचे व्यायाम देण्याचं काम करायची, एकटी राहायची. तिनं आपल्या जिल्ह्यातल्या चार-सहा जणांचा एक ग्रुप केला होता, सगळे खोट्या नावाचे. राजेश्री तर हरखूनच गेली. मला म्हणली, "ताई, परभणी जिल्ह्यात बी हायेत! मला वाटायचं मीच एकटी येडी हाय." त्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहून इतकी हसली की शेजारणीनं इचारलं, काय गोड बातमी हाय का.

अर्पिता फोनवर सगळं समजावून सांगायची. दोर सुती घ्या, पाळण्याला लावतेत तसला मऊ. दोराखाली दोन बोटं शिरली पायजेत. गळ्याला दोर कधीच न्हाई, कितीबी वाटलं तरी न्हाई. दंडाच्या बाहेरच्या अंगानं शीर जाते, तिथं आवळायचं न्हाई. बांधलेल्या माणसाला सोडून खोलीबाहेर पाऊल टाकायचं न्हाई, कात्री हाताशी पायजे, आणि ती बी बोथट टोकाची, पट्टी कापायची असते तसली. ती कात्री मीच आणून दिली त्यांना मेडिकलमधून. मेडिकलवाल्यानं इचारलं कशाला, मी म्हणले तुझी जीभ कापायला.

मग ठरलं, एकदा सगळ्यांनी भेटायचं. दोर-बिर काही न्हाई, नुसतं बसून बोलायचं, तोंडं बघायची. जागा धरली देवगाव फाटा. तिथं चारी बाजूंच्या गाड्या थांबतेत, हॉटेलात कोण कुठलं कुणाला मालूम नसतं. अर्पितानं अट घातली होती, नाव इचारायचं न्हाई, गाव इचारायचं न्हाई, जात न्हाई, फोटो न्हाई. घरी ह्या दोघांनी सांगितलं, हाताच्या दवाखान्यासाठी परभणीला जायलोत.

आता आपल्याकडं काय हाय बघा. दोन माणसं चहाला बसली, चहा येईस्तोवर "पाव्हणं, गाव कोणतं?" हे आलंच. ते न्हाई इचारलं तर माणूस शिष्ट ठरतो. गाव सांगितलं की पुढं सासुरवाड, मग मामाचं गाव, मग कुठंतरी धागा जुळतोच आणि माणूस खूश होतो. तिथं बी तेच झालं. जिंतूरकडचं एक जोडपं होतं, ते गुमान बसले होते. दत्तराव म्हणून एक चाळिशीचा माणूस एकटाच आला होता. बिचारा घाबरलेला, घामानं शर्ट भिजलेला. काय बोलावं सुचंना, म्हणून जे जन्मभर बोलत आला तेच बोलला. "पाव्हणं, गाव कोणतं?"

आणि परमेश्वर, माझा शहाणा परमेश्वर, सरळ म्हणला, "गंगाखेड."

"सासुरवाड?"

त्यानं तेबी सांगून टाकलं. दत्तराव उठूनच उभा राहिला. "अरे, मग तुमी रामभाऊचे दाजी! आमच्या मावसबहिणीचं घर त्यांच्या वाड्यामागंच हाय. म्हणजे आपली सोयरिकच निघाली की!" त्यानं परमेश्वरला मिठी मारली, चहावर अजून भजी मागवली. अर्पिताचं तोंड उतरलं म्हणे. पण बाकीच्यांना तेव्हा कुठं हायसं वाटलं. अनोळखी लोकांत बसल्यागत नको वाटायलं होतं ते गेलं, आणि मग सगळे मोकळे बोलले. अर्पितानं आपल्याच दंडावर बोट ठेवून शीर कुठं हाय ते दाखवलं. राजेश्री मला सांगताना हसून लोळायली होती. मी म्हणले, "हसू नको. हात दाखवून अवलक्षण केलंय तुमी." ती म्हणली, "ताई, दत्तराव देवमाणूस हाय. तो कुणाला सांगतोय?"

खरंच हाय, दत्तरावानं चुगली केली न्हाई. त्यानं जे केलं ते कुणीबी भला माणूस करतो. लग्नसराईत एका पंगतीत त्याला राम भेटला, राजेश्रीचा थोरला भाऊ. आता सोयरा भेटल्यावर पाव्हण्याची खुशाली सांगायची का न्हाई? दत्तराव म्हणला, "तुमचे दाजी भेटले होते, लय गुणी माणूस. बहिणबाई बी होत्या."

"कुठं भेटले?"

"देवगाव फाट्याला."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. रामनं इचारलं, तिकडं काय काम होतं? दत्तरावाला घाम फुटला. "असंच, आमचा एक ग्रुप हाय," एवढं म्हणून तो हात धुवायला म्हणून गेला तो गेलाच. भात तसाच पत्रावळीवर.

रामच्या डोक्यात किडा शिरला. बहीण म्हणली होती परभणीला दवाखान्यात, मग फाट्यावर कशाला? त्याला वाटलं, दाजी कुठल्यातरी साखळी योजनेत फसलाय, एकाला दोन मेंबर जोडा म्हणणाऱ्या. बहिणीचे दागिने जातील म्हणून तो बेजार. पंचमीला राजेश्री माहेरी गेली, झोका खेळायला बाहेर पडली, तेव्हा त्यानं तिचा मोबाईल घेतला. त्यात त्याला फोटो सापडला. तोंड न्हाई, नुसते दोन हात, सुती दोरानं बांधलेले. बरोबर बांधलंय का, शिरेवर तर आलं न्हाई ना, हे इचारायला परमेश्वरनं तिच्याच मोबाईलवरून अर्पिताला धाडला होता. जपून करायला गेले, आणि तोच पुरावा झाला.

राजेश्रीला परत धाडलंच न्हाई. आठ-पंधरा दिवसांनी परमेश्वरला फोन आला, बैठक हाय, या. तो माझ्याकडं आला. "ताई, चला. तुमी बाईमाणूस, तुमाला सगळं मालूम हाय." मी म्हणले, चल. अर्पितालाबी मी फोन लावला. म्हणले, तुमी शिकलेल्या, शिरा-नसांचं कळणाऱ्या, तुमी येऊन सांगा ह्यात छळ न्हाई म्हणून.  ती म्हणली, "शीलाताई, मी भाड्यानं राहते, एकटी. घरमालकाला कळलं तर मला रस्त्यावर काढतील, काम बी जाईल. मला माफ करा." मी रागानं फोन आपटला. पण खरं सांगू का, तिच्या जागी मी असते तर मी बी गेले नसते. ग्रुप त्याच दिवशी बंद झाला. दत्तरावाचा नंबर तर आधीच लागायचा बंद झाला होता.

सोनपेठच्या एसटीत बसून आमी दोघांनी ठरवलं, खरं ते सांगायचं. तिची मर्जी होती, तिलाच बोलू द्यायचं. परमेश्वर म्हणला, "ती सांगंल ताई. ती भ्यायची न्हाई."

ती भ्याली न्हाई. ओसरीत सगळी भाऊबंदकी बसली होती. बाप आता नव्हता, म्हणून मधी चुलता व्यंकटराव, बाजूला राम, दाराआड आई तानुबाई. रामनं इचारलं, "ह्यानं तुला बांधून मारलं का न्हाई?" राजेश्री बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणली, "मारलं न्हाई. बांधलं, ते मी सांगितलं म्हणून. मला आवडतं म्हणून. मी नको म्हणले की ते थांबतेत. माझा होकार होता, दादा."

मी आजवर कुण्या बाईला एवढं नीट बोलताना ऐकलं न्हाई. 

पण ओसरीतलं वारं बघता बघता फिरलं. तोवर सगळ्यांना तिची दया यायली होती. आता तेच लोक तिच्याकडं असं बघायले की जणू ती अंगावरचं लुगडं सोडून उभी राहिलीय. व्यंकटराव थुंकला. "म्हणजे खोट आपल्याच नाण्यात हाय." तानुबाईनं कपाळ बडवून घेतलं, माझ्या पोटी कुठून आली ही अवदसा. कुणीतरी म्हणलं, असली बाई घरात ठेवली तर बाकीच्या पोरींना कोण करून घेईल? राम उठला.  त्यानं बहिणीच्या वेणीला हात घातला.

आणि परमेश्वर मधी पडला. मोठ्यानं ओरडला, "सोडा तिला! ती खोटं बोलायलीय. मला वाचवायला खोटं बोलायलीय. मीच बळजबरी केली."

राजेश्री म्हणली, "असं म्हणू नका."

"मीच केली," तो पुन्हा म्हणला. "ती नको नको म्हणायची. मी ऐकलं न्हाई."

ती म्हणली, "अहो, थांबा. असं म्हणू नका." हात जोडले तिनं. तो तिच्याकडं बघत नव्हता. बोलतच राहिला, जे घडलं नव्हतं ते सगळं सांगत राहिला.

मी उठले, ओरडले, ह्यो खोटं बोलायलाय, मला मालूम हाय म्हणले. तेव्हाच मला म्हणले, तुमी बाहेरच्या, गप बसा. आणि त्यांची तोंडं बघायला पायजे होती तुमी. सगळ्यांना कसं मोकळं वाटलं! पोरगी चांगली हाय, जावई हरामखोर हाय, एवढंच त्यांना पायजे होतं. तानुबाई पळत आली, लेकीला पोटाशी धरलं, "माझी गरीब गाय" म्हणून रडली. परमेश्वरला दोघा-तिघांनी तुडवलं. पोलिसात न्यायचं न्हाई, काडीमोड लिहून द्यायचा, असं व्यंकटरावनं ठरवलं. परमेश्वरनं तिथंच सही केली.

येताना एसटीत त्याचा ओठ सुजलेला, पण चेहऱ्यावर समाधान. मला म्हणला, "ताई, तिचं नाव वाचलं. लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत. थोडं थंड झालं की तिला गुपचूप घेऊन येतो, दुसऱ्या गावाला जाऊ."  मला बैठकीतलं तिचं तोंड दिसायलं होतं.

ती त्याचा फोन घेईना. महिने गेले. मग मीच एकदा सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी गेले. तिच्यासोबत आई होती, भाजी घ्यायली होती. तेवढ्यात आमी बांगड्यांच्या दुकानामागं दोन शब्द बोललो. राजेश्री वाळली होती. मी म्हणले, "परमेश्वर वाट बघायलाय गं. तू म्हण, मी आज घेऊन जाते तुला. तुझ्यासाठी मार खाल्ला त्यानं."

ती म्हणली, "मालूम हाय ताई."

"मग राग कशाचा?"

ती म्हणली, "दादानं ऐकलं न्हाई त्याचं मला काही वाटत न्हाई. त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. पण ह्यांना ऐकायला येत होतं, ताई. ह्यांना माझं नको कळायचं. मी सगळ्यांसमोर हात जोडून थांबा म्हणले, आणि ते थांबले न्हाईत. आता मी त्या घरात गेले तर मला वाटंल, माझं ऐकणारं कुणीच न्हाई. त्यापेक्षा हितं बरी हाय. हितं निदान आधीपासून मालूम हाय."

"अगं, येडे, तुझ्या भल्यासाठी—"

"सगळे भल्यासाठीच करतेत," ती म्हणली. आईनं हाक मारली तशी गेली. जाता जाता म्हणली, "दुसरीकडं स्थळ बघायलेत माझ्यासाठी. ह्यांना सांगू नका."

मी गंगाखेडला आले. परमेश्वर दुकानात होता. कुणाचीतरी जळालेली मोटार समोर उघडून बसलेला, मला बघून उठला. "काय म्हणली?" मला वाटलं खोटं सांगावं, येते म्हणली असं सांगावं. पण बैठकीत भल्यासाठी खोटं बोलून काय झालं ते मी बघितलं होतं. म्हणून ती जे म्हणली ते सगळं सांगितलं, नुसती शेवटची गोष्ट सोडून.

तो खाली बसला. म्हणला, "ताई, रामनं तिची वेणी धरली होती. तुमी बघितलंय. मी काय करायला पायजे होतं? गप उभं राहून तिला मार खाऊ द्यायचा होता का?"

  तो तिथंच बसून माझ्याकडं बघत होता, मी काहीतरी म्हणावं म्हणून वाट बघत. मी तशीच घरी आले.